साडूची गिटार

साडू हे नातंच अवघड. भाऊ म्हणावं तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावं तर आपण निवडलेला नाही. दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं, एवढ्या एका गुन्ह्यापायी दोन पुरुषांना जन्मभर एकाच तराजूत बसावं लागतं, आणि तराजू धरायला सगळं सासर हौसेने पुढे येतं. मिस्त्रीचं पारडं गेली बावीस वर्षं हलकं होतं.

मिस्त्री म्हणजे गिटारी दुरुस्त करणारा माणूस. जिन्याखालच्या दोन खोल्या हे त्याचं दुकान. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत काम. भिंतींवर गिऱ्हाइकांच्या गिटारी टांगलेल्या, टेबलावर कानशी, पकडी, सरसाचा डबा, आणि खाली तारांची कापलेली टोकं इतकी, की त्याची बायको तिथे कधी चप्पल काढत नसे. शहरात हार्ड रॉक आणि हेवी मेटल वाजवणारं जे कुणी होतं, ते इथे यायचंच. दंडभर गोंदवून घेतलेली, काळ्या शर्टातली दांडगी पोरं त्याच्यापुढे गृहपाठ विसरल्यासारखी उभी राहत.

दर आठवड्याला कुणीतरी तोच प्रश्न विचारायचं: मेटलसाठी कोणती गिटार चांगली? मिस्त्री मान वर न करता उलट विचारायचा, "उभ्याने वाजवणार की बसून?" पोरांना ती थट्टा वाटायची. मग तो समजावून सांगायचा. तारांखालचा, आवाज पकडणारा पिकअप दोन गुंडाळ्यांचा घ्या. एका गुंडाळीचा घेतलात, तर आवाज चढवला की गाण्याआधी त्याचीच गुणगुण ऐकू येईल. तारा जिथे अडकवतात तो ब्रिज घट्ट बसवलेला बरा; हलणारा घेतलात, तर एक तार तुटली की सगळ्या बेसूर होतात, घरात एकाचं बिनसलं की सगळ्यांचं बिनसतं तशा. तारा उतरवून खालच्या सुरात वाजवणार असाल तर नेक, म्हणजे गिटारीची मान, जराशी लांब हवी, नाहीतर तारा लोंबतात. जड लाकडात सूर लांबतो म्हणतात, ते निम्मं खरं आहे. पण ते लाकूड तासभर खांद्यावर कोण घेणार, हे आधी ठरवा. एवढं बोलून तो पुन्हा कानस उचलायचा.

साडूला यातलं काही येत नव्हतं. साडूची चष्म्यांची तीन दुकानं होती, मोटार होती, आणि बोलण्यात असा गोडवा होता की माणसाला रागावायलाही जागा मिळू नये. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे मानानेही मोठा. सासरी सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत, आणि म्हणताना आवाजात कौतुक असे. मिस्त्रीलाही सासरी मिस्त्रीच म्हणत, पण म्हणता म्हणता त्यांना आपल्या घरातला गळका नळ आठवायचा.

चष्मेवाल्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचा सगळा जीव मिस्त्रीच्या एकुलत्या एका लेकीवर. लेक अंगाने इतकी बारीक, की घरात तिचं नाव पिन पडलं होतं. पण ही पिन मेटल बँडमध्ये गिटार वाजवायची, आणि वाजवायला लागली की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या धडाधड लागायच्या. आजवर तिच्याकडे बापाने मोडक्या गिटारींच्या भागांतून जोडलेली एक गिटार होती, आणि तिची नेक आता दुरुस्तीपलीकडे वाकली होती. तिच्या विसाव्या वाढदिवसाला चष्मेवाले एक लांबलचक काळी पेटी घेऊन आले.

पेटीत गर्द लाल रंगाची गिटार होती. ती कशी निवडली हे चष्मेवाल्यांनीच चहा होईपर्यंत सांगितलं. आधी इंटरनेटवर हार्ड रॉकसाठी उत्तम गिटारींच्या अकरा याद्या वाचल्या. मग मोठ्या दुकानात गेले, विक्रेत्याकडे पाठ करून खुर्चीवर बसले, आणि डोळे तपासताना भिंगं बदलतात तशा त्याला गिटारी बदलायला लावल्या. हा आवाज बरा की हा? आता हा बरा की हा? असे दोन तास. शेवटी उरली ती ही.

मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण पद्धत बरोबर होती. रंग न बघता, नाव न बघता, नुसत्या कानाने निवडलेली गिटार. आणि निवडही बरोबर होती. दोन गुंडाळ्यांचे दमदार पिकअप, घट्ट ब्रिज, जाड अखंड लाकूड. पिनने अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या पेटीला जोडून एकच तार छेडली, तर तो सूर अर्धा कप चहा संपेपर्यंत टिकला. तिने काकांच्या गळ्यात हात टाकले. मिस्त्री बघत उभा होता, आणि सगळे आता त्याच्याकडे बघू लागले, कारण या घरातला जाणकार तो. "छान आहे," तो म्हणाला. चूक काढायला नखभर जागा मिळाली असती तर त्याला त्या रात्री झोप लागली असती.

जागा होती, पण ती दुसऱ्या दिवशी सापडली. तारा बदलायला आणि नेक सरळ करायला पिनने ती गिटार बापाकडेच आणली. दुसऱ्याने दिलेल्या भेटीचे लाड आपल्या हाताने करायची वेळ यावी, याला काय म्हणावं? काम मात्र त्याने चोख केलं. कामात खोट ठेवणं त्याला जमलंच नसतं, मग गिटार साडूची असो की सैतानाची. सगळं झाल्यावर त्याने ती सहज वजनकाट्याच्या आकड्याला लावली. चार किलो आठशे ग्रॅम.

शाळेत असताना सायकलवरून पडून पिनचं डाव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि गिटारीचा पट्टा नेमका त्याच खांद्यावर येतो. मिस्त्रीने काटा पुन्हा बघितला. आता सरळ लेकीला सांगायचं, की ही तुला झेपायची नाही. पण मग घरात काय म्हणतील? साडूने दिलं ते याच्या पोटात दुखतंय, असं म्हणतील. आणि खरंच दुखत होतं, म्हणूनच तो बोलला नाही. नुसती काळजी असती तर बोलला असता. होईल, तिचं तिला कळेल, असं पुटपुटत त्याने पेटी लावली. पुटपुटताना त्याला थोडं बरंही वाटलं, आणि ते त्याने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

आता मागच्या खोलीतली गोष्ट सांगायला हवी. तिथे दारामागे खुंटीवर, जुन्या चादरीखाली, दुसरी एक गिटार होती. गिऱ्हाइकांची कामं उरकून मिस्त्री ती वर्षभर चोरून करत होता. बॉडी पातळ, वजन तीन किलोच्या आतबाहेर. नेकचं लाकूड बॉडीतून आरपार शेवटपर्यंत नेलेलं, म्हणजे हलकी असूनही सूर लांबावा. पिकअपची केसासारखी तार त्याने स्वतः गुंडाळली होती, वेढे मोजत. मध्येच कुणी हाक मारली की आकडा विसरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि नेकची जाडी? वर्षापूर्वी पिन दुकानात आली होती, तेव्हा त्याने तिच्या डाव्या हातात मेणाचा गोळा दिला आणि म्हणाला, जरा मऊ करून दे गं. तिने तो मुठीत दाबला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, आणि ठेवून गेली. त्या गोळ्यावर तिच्या मुठीचा जो साचा उठला, त्या मापाने त्याने नेक तासली होती. गिटार वाढदिवसालाच द्यायची होती. पण रंग वाळायला वेळ लागला, एक आठवडा हुकला, आणि तेवढ्यात चष्मेवाले पेटी घेऊन आले.

त्यानंतर महिनाभर ती चादरीखालीच राहिली. पुढच्या शनिवारी दुपारी सहा बँडांची स्पर्धा होती, आणि त्यात पिनने कोणती गिटार गळ्यात घालायची, एवढ्या एका प्रश्नावर मिस्त्रीचं खाणंपिणं अडलं होतं. त्याने मनाशी अट घातली: पिनने आपणहून म्हणावं, बाबा, मला तुझ्या हातची हवी. मग द्यायची. तिला अशी गिटार आहे हेच माहीत नाही, तर ती मागणार कशी, हा साधा प्रश्न जळणाऱ्या माणसाला पडत नाही. तालमीहून आली की तो आडून विचारायचा, कशी वाजते? "आवाज एकदम भारी, बाबा," ती म्हणायची आणि खांदा चोळत आत जायची. त्याला भारी तेवढं ऐकू यायचं. खांदा चोळणं दिसायचं नाही. चष्मेवाल्यांच्या दुकानात जाऊन डोळे तपासून घ्यायची खरी गरज त्याला होती.

गुरुवारी दुपारी बेकरीत काम करणारी एक उंच मुलगी दुकानात आली. शनिवारच्या स्पर्धेत तिचाही बँड होता. तिची गिटार स्टँडवरून पडली होती आणि नेक वरच्या टोकाशी तुटून लोंबत होती. मिस्त्रीने बघितलं आणि सांगितलं, जोडून देईन, पण सरस पक्का व्हायला वेळ लागेल. शनिवारी तारा ताणल्यास तर स्टेजवर पुन्हा तुटेल.  स्टुलावर बसून मुलगी हातावरचं वाळलेलं पीठ खरवडू लागली. तेवढ्यात मिस्त्रीचा फोन वाजला. पिनचा मेसेज होता.

"काकांची गिटार भारी पडतेय. संध्याकाळी दुकानात येते, बोलू."

भारी पडतेय. कुणावर ते लिहिलंच नव्हतं. लिहायची गरज काय? सगळ्यांवर. बाकीच्या पाच बँडांवर, भागांतून जोडलेल्या त्या जुन्या गिटारीवर, ती जोडणाऱ्यावर, जिन्याखालच्या या दुकानावर. सासरच्यांनी बावीस वर्षं तोललं ते तोललं, आज लेकीनेही काटा दाखवला. आणि बोलू म्हणजे काय, तर चष्मेवाल्यांचं कौतुक संध्याकाळभर ऐकत बसायचं.  त्याने फोन पालथा ठेवला, दारामागे गेला, आणि चादर ओढली.

"ही बघ," तो मुलीला म्हणाला. "आवडली तर घेऊन जा."

मुलीने अँपला जोडून वाजवली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. नेक माझ्या हाताला जराशी बारीक पडते, ती म्हणाली, पण होईल सवय. कुणासाठी केली होती? कुणासाठी नाही, मिस्त्री म्हणाला. त्याने नुसत्या लाकडाची किंमत सांगितली, घासाघीस करायलाही वेळ दिला नाही, आणि ती जाताना दार स्वतः उघडून धरलं. नंतर त्याने चादरीची घडी घातली. घडी फार व्यवस्थित आली.

संध्याकाळी पिन आली. काळी पेटी तिने उचलून आणली नव्हती, फरपटत आणली होती. स्टुलावर बसून तिने विचारलं, मेसेज बघितलास का?

"बघितला," मिस्त्री म्हणाला. "भारी पडतेय ना सगळ्यांवर? छान झालं."

"सगळ्यांवर?" पिन त्याच्याकडे बघत राहिली. "मला, बाबा. मला भारी पडतेय."

मग तिने सगळं सांगितलं. दोन गाणी होईपर्यंत ठीक असतं. तिसऱ्यात खांद्यातून कळ निघते आणि डाव्या हाताची बोटं बधिर होतात. दुपारी तर अशा मुंग्या आल्या होत्या, की मेसेजसुद्धा तिने उजव्या हाताच्या एका बोटाने कसाबसा लिहिला. महिनाभर बोलली नाही, कारण काकांना वाईट वाटेल. तिने शर्टाची कॉलर बाजूला केली. पूर्वी मोडलेल्या हाडाच्या बरोबर वर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. चार किलो आठशे, मिस्त्रीला आठवलं.

"चादरीखालची दे ना मला," पिन म्हणाली. "काकांना मी समजावेन."

मिस्त्रीचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. तुला कसं माहीत, असं त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"मेणाचा गोळा कुणी उगाच मऊ करून घेतं का? मिस्त्रीची मुलगी आहे मी. तू देशील म्हणून वर्षभर गप्प बसले."

ती उठून दारामागे गेली. खुंटी रिकामी होती आणि खाली चादरीची व्यवस्थित घडी होती. विकलीस का, तिने विचारलं. आज दुपारीच, मिस्त्री म्हणाला, आणि बेकरीतल्या मुलीचं सांगितलं. सांगता सांगताच तो चपला शोधू लागला. बेकरी काही लांब नव्हती, आत्ता जाऊन हात जोडले असते तरी परत मिळाली असती.

"थांब," पिन म्हणाली. "तिची मोडली म्हणून दिलीस ना?"

आपण आपल्या बापाला ओळखतो असं वाटणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता. त्यात उत्तर आधीच घालून ठेवलेलं होतं, आणि ते फार चांगल्या माणसाचं उत्तर होतं. मिस्त्रीने मान हलवली. हो.

"मग राहू दे. परत घेतलीस तर ती शनिवारी काय वाजवेल?" असं म्हणून तिने पेटी उचलली. दाराशी जाऊन तिने ती एकदा खाली ठेवली, हात बदलला, आणि गेली.

शुक्रवारचा अख्खा दिवस मिस्त्री एक पट्टा शिवत बसला. चांगला तळहाताएवढा रुंद, आतून जाड लोकरी नमदा लावलेला. पट्टा कितीही रुंद केला तरी गिटारीचं वजन कमी होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी शिवला.

शनिवारी हॉल भरलेला होता. मधल्या एका रांगेत मिस्त्री, त्याच्या शेजारी चष्मेवाले, त्यांच्यापलीकडे दोघी बहिणी. पिनचा बँड तिसरा होता. पहिली दोन गाणी तिने अशी वाजवली, की मागच्या रांगा उभ्या राहिल्या. चष्मेवाले डोळे मिटून मान डोलवत होते. तिसऱ्या गाण्यात पिन हळूच मागे सरकली आणि अँपवर टेकली, गिटार मांडीवर घेऊन. लोकांना ती ऐट वाटली आणि त्यांनी शिट्ट्या वाजवल्या. मिस्त्रीने शिट्टी वाजवली नाही. गिटारीच्या ज्या सोलो तुकड्यासाठी ती तीन महिने घासत होती, तो तिने निम्म्यातच सोडला. उतरली, आणि डावा हात उजव्या हाताने धरून त्यांच्या पुढच्या रांगेत येऊन बसली.

पाचवा बँड बेकरीतल्या मुलीचा. तिने पहिला सूर लावला, आणि मिस्त्री खुर्चीत पुढे सरकला. आजवर त्याने ती गिटार मागच्या खोलीत, आवाज बारीक ठेवून ऐकली होती. इथे ती हॉलच्या भिंतींना जाऊन भिडत होती. खालचे सूर घट्ट आणि खरखरीत, वरचे लांब आणि स्वच्छ. इतका आवाज चढवूनही कुठे गुणगुण नाही. मुलगी तिला घेऊन उड्या मारत होती, गुडघ्यावर बसत होती, एका हाताने वर उचलत होती. मिस्त्रीला साडूचा हेवा वाटण्याची सवय होती. पण या मुलीचा जो हेवा वाटला, तो त्याला सोसेना. तिच्या हाताला ती नेक बारीक पडत होती. ज्या मुठीला ती बरोबर बसली असती, ती मूठ पुढच्या रांगेत मिटत होती, उघडत होती.

गाणं संपलं. चष्मेवाल्यांनी डोळे उघडले आणि मिस्त्रीकडे झुकले.

"साडूभाऊ, मी दोन तास बसून निवडली," ते म्हणाले. "पण हा आवाज बरा. माझ्या निवडीपेक्षा हा खरंच बरा. कुणी केली असेल ही?"

बावीस वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली, ते वाक्य आलं, आणि तेही दुसऱ्याच्या गळ्यातली गिटार दाखवून.

"मी," मिस्त्री म्हणाला.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा खराखुरा उजळला. त्यात खोट शोधायला मिस्त्रीने याही वेळी बघितलं, आणि सापडली नाही. मग त्यांनी एकदा स्टेजकडे बघितलं, एकदा पुढच्या रांगेत वाकून बसलेल्या पिनकडे.

"मग ती आपल्या पोरीच्या गळ्यात का नाही?" त्यांनी विचारलं.

पिनने मागे वळून बघितलं. तिने प्रश्न ऐकला होता, आणि उत्तर तिला माहीत आहे असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं: त्या मुलीची मोडली होती म्हणून. नुसती मान हलवायची होती. गुरुवारी हलवली होती तशीच.

"तुमची गिटार भारी पडली," मिस्त्री म्हणाला.

चष्मेवाल्यांना ते कौतुक वाटलं. छे छे, असं काही नाही, म्हणत ते हात हलवू लागले. मिस्त्री त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याने लेकीच्या डोळ्यांत बघितलं, आणि वाक्यातला राहिलेला शब्द पुरा केला.

"मला."